घरावरील सौर पॅनेलची देखभाल: खाडीकाठची खार, शहराची धूळ आणि कोकणचा पावसाळा

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. त्यानंतर ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील बंगले, गृहसंकुले आणि गावठाणातील घरांवर सौर पॅनेल बसवण्याचे प्रमाण वाढले आहे. या योजनेत एका किलोवॅटला 30 हजार, दोन किलोवॅटला 60 हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला कमाल 78 हजार रुपये अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी 500 किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट 18 हजार रुपये मिळतात. हे अनुदान पॅनेल बसवण्यापुरते असते. पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची हमी साधारण 25 वर्षांची असते. एवढा काळ ती टिकवण्याचे काम घरमालकाचे.

देखभाल म्हटले की पाणी आणि फडका एवढेच डोळ्यांसमोर येते. राजस्थानात किंवा मराठवाड्यात धूळ हीच मुख्य अडचण असल्याने तिथे ते बरोबरही आहे. ठाणे जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. येथे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. काचेवरची धूळ तो स्वतःच धुऊन नेतो. पण पॅनेलखालचा लोखंडी सांगाडा, नटबोल्ट, वायरचे जोड आणि अर्थिंग यांना खारी हवा आणि दमटपणा खात राहतो. तिथे पाऊस मदत करत नाही, उलट नुकसान वाढवतो. म्हणून आपल्या भागात देखभालीचा पहिला नियम असा: काचेकडे जेवढे लक्ष द्यावे, त्याच्या दुप्पट लक्ष काचेखाली द्यावे.

आपले घर कोणत्या पट्ट्यात येते?

एकाच जिल्ह्यात हवेचे चार प्रकार आढळतात. देखभालीचे वेळापत्रक त्यावरून ठरवावे.

• खुला समुद्रकिनारा: उत्तन, भाईंदर परिसर. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर थेट छपरावर येतात. गंजाचा धोका सर्वांत जास्त.

• खाडीकाठ: कोलशेत, बाळकूम, कळवा, खारीगाव, मुंब्रा, दिवा, डोंबिवलीतील मोठागाव, कोन, कल्याणचा दुर्गाडी परिसर. येथे लाटा फुटत नसल्याने खार समुद्रकिनाऱ्यापेक्षा कमी असते, मात्र दमटपणा कायम असतो. खाडीतील पक्ष्यांची विष्ठा ही येथील वेगळी अडचण.

• औद्योगिक व बांधकाम पट्टा: डोंबिवली एमआयडीसी, अंबरनाथ, घोडबंदर रस्ता, कल्याण-शीळ रस्ता. हवेतील काजळी, रासायनिक कण आणि सिमेंटची धूळ काचेवर चिकट थर बनवतात.

• आतला भाग: टिटवाळा, मुरबाड, शहापूर. खार नगण्य. वीटभट्ट्यांचा धूर, दगडखाणींची धूळ, कच्च्या रस्त्यांची माती हा मुख्य त्रास.

काही घरे दोन पट्ट्यांत मोडतात. खाडीकाठी राहणाऱ्याच्या शेजारी इमारतीचे बांधकाम सुरू असेल, तर दोन्हींची काळजी घ्यावी.

पाऊस काय धुतो, काय धुत नाही

खाडीकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. खारजमिनीत पावसाळ्यात गोडे पाणी साचते, क्षार धुऊन जातात, म्हणून भात येते. उन्हाळ्यात जमीन तापली की तेच क्षार पुन्हा वर येतात. गोडे पाणी जिथे पोहोचते, तिथलीच खार जाते.

छपरावरही तसेच घडते. पॅनेलच्या वरच्या काचेवर पाऊस पडतो आणि खार निघून जाते. पॅनेलच्या पाठीमागची बाजू, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचा आतला खाचा, क्लॅम्प आणि आडवे खांब यांवर मात्र पाऊस थेट पडत नाही. तिथे खार साचत राहते. मीठ हवेतील ओलावा ओढून घेत असल्याने तो भाग बराच काळ ओलसर राहतो आणि गंज सुरूच राहतो. त्यामुळे वरून चकचकीत दिसणारे पॅनेल खालून कुजलेल्या नटबोल्टवर उभे असू शकते.

पाऊस काच धुतो, पण दोन अटींवर. पॅनेलला किमान 10 अंशांचा उतार हवा. ठाणे-कल्याण 19 अंश अक्षांशाच्या आसपास आहे. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करून 15 ते 20 अंशांचा उतार वर्षभराच्या उत्पादनासाठी योग्य असतो आणि पाणीही व्यवस्थित वाहून जाते. दुसरे म्हणजे, पक्ष्यांची वाळलेली विष्ठा, झाडाचा चीक आणि रासायनिक काजळी पावसाने पूर्ण निघत नाही. ती हातानेच काढावी लागते.

थोड्याशा डागाने मोठे नुकसान का होते?

पॅनेलमधील सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलवर विष्ठेचा जाड डाग पडला की तो सेल वीज देत नाही आणि उरलेल्यांचा प्रवाहही अडवतो. पाइप एका जागी चेपला की पुढचे पाणी कमी होते, तसाच हा प्रकार. यासाठी पॅनेलमध्ये बहुधा तीन बायपास डायोड असतात. ते अडलेला भाग वगळून प्रवाह पुढे जाऊ देतात. पण त्यामुळे तळहाताएवढ्या डागामुळेही पॅनेलचा एक तृतीयांश भाग बंद पडू शकतो. डाग महिनोन्महिने तसाच राहिला तर तो सेल तापत राहतो आणि तिथे कायमचा तपकिरी ठिपका पडतो. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. एकसारखी पातळ धूळ त्यामानाने कमी नुकसान करते.

पाण्याच्या टाकीची, डिश अँटेनाची किंवा वाढलेल्या फांदीची सावलीही हेच करते. शेवगा, पेरू, आंबा यांच्या फांद्या दरवर्षी पावसाळ्यानंतर तपासून छाटाव्यात.

काच धुण्याची योग्य पद्धत

• वेळ: सूर्योदयाच्या सुमारास किंवा सूर्यास्तानंतर पॅनेल थंड झाल्यावर. दुपारी पॅनेलचे तापमान 60 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्यावर थंड पाणी टाकल्यास काचेला तडा जाऊ शकतो.

• हंगामाचा फायदा: डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडते. धूळ आधीच ओली झालेली असते, त्यामुळे कमी पाण्यात काम होते.

• पाणी: नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. खाडीकाठच्या बोअरवेलचे पाणी टाळावे. जे पाणी ठिबकच्या तोट्यांत पांढरा थर बसवते, ते काचेवरही बसवते. नाइलाजाने बोअरचे पाणी वापरल्यास शेवटचे पाणी गोडे घ्यावे आणि रबरी वायपरने लगेच ओढून काढावे.

• प्रमाण: एका पॅनेलला साधारण दोन-तीन लिटर पाणी पुरते.

• साधने: मऊ स्पंज, सुती फडका किंवा मऊ ब्रश, लांब दांड्याचा वायपर. तारेचा घासणा, राख, डिटर्जंट पावडर, अ‍ॅसिड वापरू नये. काचेवर प्रकाश आत शोषण्यासाठी दिलेला पातळ लेप असतो. तो एकदा घासून गेला की परत येत नाही.

• विष्ठा: कोरडी खरवडू नये. ओले फडके 10 ते 15 मिनिटे टाकून ठेवावे, मग पुसावे.

• काजळी: औद्योगिक पट्ट्यात पाण्याने थर निघत नसेल तर भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाचे काही थेंब बादलीभर पाण्यात टाकावेत आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे.

• दाब: गाड्या धुण्याचे उच्च दाबाचे यंत्र वापरू नये. पाणी चौकटीच्या सीलमधून आत शिरते.

• फवारणी पंप: पाठीवरच्या पंपाने पॅनेल धुण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. बुरशीनाशक किंवा तणनाशक वापरलेला पंप यासाठी अजिबात वापरू नये. त्यातील अंश काचेवर थर धरतात आणि चौकटीचे अ‍ॅल्युमिनियम खराब करतात.

पॅनेलवर पाय ठेवू नये, टेकूही नये. काच फुटली नाही तरी आतील सेलना बारीक चिरा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण काही महिन्यांनी उत्पादन घटवतात.

धुण्याची गरज आहे का, हे कसे ठरवावे?

बरेच जण वीजबिल पाहून पॅनेलचा अंदाज घेतात. तो चुकीचा ठरतो. नेट मीटरवर फक्त ग्रीडकडून घेतलेले आणि ग्रीडला दिलेले युनिट दिसतात. दिवसा घरातच वापरलेली सौर वीज त्यात येत नाही. पाहुणे आले, एसी जास्त चालला, तरी ग्रीडला दिलेले युनिट कमी होतात आणि पॅनेल मात्र व्यवस्थित असते. खरे उत्पादन इन्व्हर्टरच्या पडद्यावर, मोबाइल अ‍ॅपवर किंवा वेगळ्या निर्मिती मीटरवर दिसते. महिन्याच्या एक तारखेला तो आकडा वहीत लिहावा.

आपल्याकडे एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे 120 युनिट देतो. तीन किलोवॅटला हा आकडा महिन्याला 360 च्या आसपास येतो. मार्च-एप्रिलमध्ये तो अधिक असतो, जुलै-ऑगस्टमध्ये सलग मळभ राहिल्यास निम्म्याहून खाली जातो. म्हणून जुलैची तुलना जूनशी करू नये, मागील वर्षीच्या जुलैशी करावी.

उन्हाळ्यात ऊन कडक असूनही अपेक्षेएवढी वीज मिळत नाही, अशी तक्रार येते. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण 0.35 ते 0.4 टक्के घटते. पॅनेल 60 अंशांवर गेले तर 12 ते 14 टक्के घट केवळ उष्णतेमुळे होते. हा बिघाड नव्हे. पॅनेल आणि छप्पर यांच्यामध्ये हवा खेळती ठेवावी, तिथे सामान साठवू नये.

धूळ किती नुकसान करते हे पाहण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. निरभ्र दिवशी दुपारी साडेबारा वाजता इन्व्हर्टरवरील किलोवॅटचा आकडा लिहावा. दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनेल धुवावीत आणि त्याच वेळी पुन्हा आकडा पाहावा. समजा, तो 2.1 वरून 2.3 वर गेला, तर सुमारे साडेनऊ टक्के वाढ झाली. धुणे फायद्याचे ठरले आणि मधले अंतर कमी करावे. वाढ दोन-तीन टक्केच असेल तर घाई झाली होती, अंतर वाढवायला हरकत नाही. धुऊनही आकडा मागील वर्षीच्या तुलनेत बराच कमी असेल, तर दोष काचेवर नाही. वायर, जोड किंवा पॅनेल तपासावे.

सांगाडा आणि गंज

लोखंडाचा सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा दिलेला असावा. मुलाम्याची जाडी किमान 80 मायक्रॉन हवी. नुसता चंदेरी रंग मारलेला सांगाडा बाजारात स्वस्त मिळतो, पण खाडीकाठी दोन-तीन पावसाळ्यांत त्याच्या जोडांवर गंज दिसू लागतो. बसवताना लोखंड छपरावरच कापले किंवा वेल्डिंग केले असेल तर त्या जागचा मुलामा जळतो. गंजाची सुरुवात नेमकी तिथून होते. अशा जागा तारेच्या ब्रशने घासून, पुसून, त्यावर जस्तयुक्त प्रायमरचे दोन हात द्यावेत.

नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. आतल्या भागात 304 प्रतीचे चालतात. उत्तनसारख्या किनाऱ्यावर 316 प्रतीचे घ्यावेत. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटले की त्यांतील एक लवकर झिजतो. अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि लोखंडी खांब यांच्यामध्ये म्हणूनच रबरी वॉशर हवा. तांब्याची अर्थिंगची तार थेट अ‍ॅल्युमिनियमला आवळलेली आढळते. हे टाळावे. तिथे कथिलाचा मुलामा दिलेला लग वापरावा.

किनाऱ्याच्या तीन-चार किलोमीटरच्या आत नवीन संच घेताना पॅनेलला खारट धुक्याच्या चाचणीचे आयईसी 61701 प्रमाणपत्र आहे का, हे विक्रेत्याला विचारून लेखी घ्यावे.

वर्षातून दोनदा, ऑक्टोबर अखेर आणि मार्चमध्ये, पॅनेलची खालची बाजू आणि सांगाडा गोड्या पाण्याने कमी दाबात धुवावा. संच बंद करून, पॅनेलमागील काळ्या जोडपेट्या आणि कनेक्टर यांवर पाण्याची धार न सोडता हे काम करावे. खुल्या किनाऱ्यावर दर दोन महिन्यांनी धुतल्यास अधिक चांगले.

वादळापूर्वीची आवळणी

भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 875 च्या भाग 3 मध्ये, मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. हा वेग ताशी सुमारे 158 किलोमीटर होतो. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी रायगड किनाऱ्यावर ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाने धडकले आणि शेकडो गावांत घरांचे पत्रे उडाले. तौक्ते वादळ मे 2021 च्या मध्यावर कोकण किनाऱ्याजवळून गेले. दोन्ही वादळे मृग नक्षत्राच्या आधी आली. म्हणून नटबोल्ट आवळण्याचे काम जूनसाठी ठेवू नये, मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपवावे.

प्रत्येक क्लॅम्प हाताने हलवून पाहावा. सैल बोल्ट पान्याने आवळून त्यावर रंगाची रेघ मारावी. पुढच्या वेळी रेघ सरकलेली दिसली की बोल्ट सैल झाला हे लगेच कळते. सांगाडा स्लॅबवर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा असेल तर ठोकळ्याभोवती भेग किंवा गळती आहे का, तेही पाहावे.

वायर, अर्थिंग आणि वीज पडण्यापासून संरक्षण

• वायर छपरावर लोळत नसावी. लटकणारी वायर वाऱ्याने चौकटीच्या धारेवर घासते आणि आवरण कापले जाते. बांधण्यासाठी उन्हात टिकणारे काळे पट्टे वापरावेत. पांढरे साधे पट्टे वर्षभरात तुटतात.

• कबुतरे पॅनेलखाली घरटी करतात, उंदीर आणि खारी वायर कुरतडतात. कडेने गॅल्व्हनाइज्ड जाळी लावावी, पण हवा जाण्याइतके छिद्र ठेवावे. घरट्यात वाळके गवत आणि काड्या असतात. ठिणगी पडल्यास तेच पेट घेते, म्हणून दरवर्षी पावसाळ्यानंतर काढून टाकावे.

• पॅनेलची बाजू, घराची वीजबाजू आणि वीजरोधक यांसाठी तीन स्वतंत्र अर्थिंग असावेत. रोध 5 ओहमपेक्षा जास्त नसावा. वायरमनकडून वर्षातून एकदा मोजून घ्यावा.

• मार्च ते मे या काळात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे. वळीव पावसाबरोबर विजा येतात, त्याआधी हे काम झालेले हवे.

• जोडपेटीतील सर्ज संरक्षकाची खिडकी हिरवी असावी. लाल झाल्यास तो भाग बदलावा. तो एकदा खर्ची पडला की पुढच्या वेळी इन्व्हर्टर जळतो.

इन्व्हर्टर कोठे असावा?

इन्व्हर्टर सावलीत, हवेशीर आणि भिंतीवर उंच असावा. आजूबाजूला हातभर मोकळी जागा ठेवावी. पाठीमागील पंख आणि पंख्याची जाळी दर तीन महिन्यांनी कोरड्या ब्रशने साफ करावी. वायर आत जाण्याची छिद्रे बंद असावीत. पाली आणि मुंग्या आत शिरून शॉर्टसर्किट करतात.

उल्हास, वालधुनी आणि खाडीकाठच्या वस्त्यांनी पुराची पातळी पक्की लक्षात ठेवावी. 26 जुलै 2005 च्या पुरात कल्याण, उल्हासनगर, बदलापूरचे सखल भाग पाण्याखाली गेले. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली. आपल्या घरात तेव्हा पाणी कुठवर आले होते, त्याच्या वर दोन-तीन फूट इन्व्हर्टर आणि जोडपेट्या असाव्यात. तळमजल्याच्या जिन्याखाली त्या बसवू देऊ नयेत. इन्व्हर्टरमध्ये पाणी गेले असेल तर वाळल्यावरही स्वतः सुरू करू नये, तंत्रज्ञाला बोलवावे.

गोठा आणि शेतातील पॅनेल

कल्याण, भिवंडी परिसरात तबेल्यांच्या आणि गोठ्यांच्या पत्र्यांवरही पॅनेल बसतात. जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया वायू धातू आणि पॅनेलच्या सीलला मारक असतो. गोठ्यासाठी पॅनेल घेताना अमोनिया चाचणीचे आयईसी 62716 प्रमाणपत्र पाहावे. इन्व्हर्टर गोठ्यात न ठेवता बाहेर ठेवावा. गोठ्याची हवा पॅनेलखालून बाहेर पडत असेल तर झरोक्याची दिशा बदलावी.

'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतील पंपांनाही वरील सर्व नियम लागू होतात. शेतात आणखी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पॅनेलच्या खालच्या कडेला तण किंवा वेल चढू देऊ नये. पावसात उडणारा चिखल खालच्या ओळीवर बसतो, तो आठवड्याने पुसावा. फवारणीच्या दिवशी वाऱ्याची दिशा पाहावी. गंधक किंवा तांबेयुक्त औषधाचा फवारा पॅनेलवर गेला तर त्याच संध्याकाळी धुवावे.

लक्षणावरून दोष ओळखणे

• वीज गेल्यावर सौर संचही बंद पडतो: हा दोष नाही. लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून बॅटरी नसलेला ग्रीड जोडणीचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो.

• फक्त पावसाळी सकाळी इन्सुलेशनचा किंवा अर्थ दोषाचा इशारा येतो आणि दुपारी जातो: कनेक्टरमध्ये ओलावा किंवा वायरचे आवरण फाटलेले. आपोआप गेले म्हणून सोडून देऊ नये. पुढे हाच दोष धक्क्याचे किंवा आगीचे कारण ठरतो.

• कडक उन्हात, भर दुपारी इन्व्हर्टर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो: ग्रीडचा दाब जास्त. इशाऱ्याचा फोटो काढून वीज वितरण कंपनीकडे तक्रार करावी.

• उत्पादन अचानक अर्ध्यावर: एक ओळ तुटलेली, फ्यूज गेलेला किंवा कनेक्टर जळालेला.

• उत्पादन हळूहळू, महिन्यामहिन्याने कमी: धूळ, वाढलेली सावली किंवा गंजलेले जोड.

• एखाद्या पॅनेलवर तपकिरी ठिपका किंवा गोगलगाय फिरल्यासारख्या रेषा: हॉटस्पॉट किंवा सेलला चिरा. फोटो आणि क्रमांकासह हमीचा दावा करावा.

वर्षाचे वेळापत्रक

• ऑक्टोबर: परतीचा पाऊस संपल्यावर पूर्ण तपासणी, घरटी व शेवाळ काढणे, फांद्या छाटणे, सांगाडा गोड्या पाण्याने धुणे.

• नोव्हेंबर: दिवाळीनंतर फटाक्यांची काजळी आणि छपरावर पडलेले रॉकेटचे अवशेष काढणे.

• डिसेंबर ते मे: काच धुणे. आतल्या भागात 15 दिवसांनी, खाडीकाठी 15 ते 20 दिवसांनी, बांधकाम किंवा औद्योगिक पट्ट्यात 8 ते 10 दिवसांनी. वरील चाचणीनुसार हे अंतर बदलावे.

• मार्च: सांगाडा दुसऱ्यांदा धुणे, अर्थिंगला पाणी सुरू करणे.

• मे, पहिला पंधरवडा: नटबोल्ट आवळणे, गंजावर प्रायमर, अर्थिंग मोजणी, सर्ज संरक्षक पाहणे, वायर बांधणे.

• जून ते सप्टेंबर: काच धुण्याची गरज नाही. जमिनीवरून दुर्बिणीने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहावे. इन्व्हर्टरवरील इशारे रोज पाहावेत.

जिवाची काळजी

सूर्यप्रकाश असेपर्यंत पॅनेल वीज तयार करतच राहते. मेन स्विच बंद केला तरी पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर जिवंत असते. घरगुती संचात हा डीसी दाब 300 ते 400 व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. म्हणून पुढील नियम पाळावेत.

• संच बंद करताना आधी एसी स्विच, नंतर डीसी स्विच. सुरू करताना उलट क्रम.

• संच चालू असताना कनेक्टर ओढून काढू नये. डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

• काच फुटलेल्या पॅनेलला, पुरात बुडालेल्या वायरला हात लावू नये.

• कौले, सिमेंट किंवा जुना लोखंडी पत्रा यांवर उभे राहू नये. लांब दांड्याने शिडीवरून काम करावे.

• पावसाळ्यात शेवाळलेल्या स्लॅबवर चढू नये. महिनाभराच्या उत्पादनातील घट परवडते.

• एकट्याने छपरावर जाऊ नये. दोरी बांधावी आणि खाली एक माणूस ठेवावा.

कागदपत्रे आणि विक्रेत्याची जबाबदारी

सूर्यघर योजनेखाली बसवलेल्या संचाची पहिली पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. कृषिपंपालाही पाच वर्षांची दुरुस्ती हमी असते. मात्र यात नियमित काच धुणे बहुधा येत नाही. करारात तपासणीच्या फेऱ्या किती, हे वाचून घ्यावे आणि त्यातील एक फेरी मे महिन्यात मागून घ्यावी. खालील गोष्टी एका फाइलमध्ये ठेवाव्यात: करारपत्र, बिल, प्रत्येक पॅनेलच्या मागील क्रमांकाचा फोटो, इन्व्हर्टरचा क्रमांक, नेट मीटर जोडणीचे पत्र, अर्थिंग मोजणीचा अहवाल आणि मासिक उत्पादनाची वही. हमीचा दावा करताना ही वही सर्वांत उपयोगी पडते. उत्पादन कधीपासून आणि किती घटले, हे तिच्यातूनच दाखवता येते.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांनी मे महिन्यातील खरीपपूर्व सभांमध्ये बियाणे व खतांबरोबर सौर संचाच्या आवळणीचा विषयही घ्यावा. गावातील दोन-तीन घरांचे बोल्ट एकत्र तपासून दाखवले, तर बाकीचे शेतकरी घरी जाऊन आपापले पाहतील.